लॅपटॉपवर आपला अर्ज आपण भरताना



आजचा विषय बियाण्याचा नाही आणि खताचाही नाही. आज बोलायचे आहे ते लॅपटॉपविषयी. लॅपटॉप म्हणजे काय आणि तो केवढ्याला मिळतो, हे सांगत बसत नाही. पुष्कळ घरांत तो आता आलेला आहे. कुठे कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचा, कुठे सुनेचा, कुठे बचत गटाचा. पण तो उघडायची वेळ आली की घरातला कर्ता माणूस चार हात लांब उभा राहतो आणि म्हणतो, "तूच बघ गं बाई, माझा हात लागला की ते कुठंतरी पळतं."

हे जे पळतं म्हणतो ना आपण, त्याच्यावरच आजचे बोलणे आहे. कारण ते उगीच पळत नाही.

माझीच गोष्ट सांगतो. ठिबक संचाच्या अनुदानाचा अर्ज मी घरी बसून भरला. जमिनीचा गट क्रमांक २१४. दोन लिहिला, एक लिहिला, तेवढ्यात तळहात खालच्या गुळगुळीत पाटीला टेकला. कर्सर, म्हणजे ती लुकलुकणारी उभी रेघ, उडी मारून चौकटीच्या सुरुवातीला गेली आणि चारचा आकडा पुढे जाऊन बसला. झाले ४२१. मी मान खाली घालून एकेक कळ शोधत होतो, वर पाहिलेच नाही. अर्ज तसाच गेला. कागदाशी मेळ बसेना म्हणून तो त्रुटीत निघाला. दुरुस्ती होईपर्यंत उसाची लागण होऊन गेली होती आणि त्या वर्षी पाणी पाटानेच द्यावे लागले. चूक कुणाची? माझीच. पण ती अडाणीपणाची नव्हती, तळहाताची होती. म्हणून आधी त्या पाटीची ओळख करून घेऊ.

कळांच्या खाली जी चौकोनी गुळगुळीत जागा असते तिला टचपॅड म्हणतात. ती दाबाने चालत नाही, बोटाच्या स्पर्शाने चालते. मोटरच्या पेटीवर आपण टेस्टर लावतो तेव्हा त्याच्या मागच्या टोकाला बोट टेकवल्याशिवाय आतला दिवा लागत नाही. आपले शरीर त्या विजेच्या वाटेत येते म्हणून तो लागतो. टचपॅडचेही तत्त्व त्याच्या जवळचेच आहे. पाटीखाली बारीक तारांचे जाळे असते, बोट जवळ आले की तिथला विजेचा भार थोडा बदलतो, आणि त्यावरून बोट कुठे आहे ते यंत्राला समजते. म्हणून काठीने, पेनच्या टोपणाने किंवा नखाने टचपॅड चालत नाही.

आता यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे ओला हात चालत नाही. पाण्याचा थेंब पाटीवर पडला की यंत्राला एकाच्या जागी दोन बोटे दिसतात आणि बाण सैरावैरा धावतो. हात धुवा, पण कोरडे पुसून मगच बसा. दुसरी गोष्ट शहरातली माणसे कधी सांगत नाहीत, कारण त्यांना ती अडचण नसते. खुरपे, दोर आणि फावडे धरून बोटांना घट्टे पडलेले असतात. जाड, कोरड्या घट्ट्यातून पाटीला बोट नीट कळत नाही. आपण म्हणतो यंत्र बिघडले. ते बिघडलेले नसते. अशा वेळी बोटाचे टोक न टेकवता बोटाची मऊ बाजू टेकवा, किंवा ज्या बोटाला घट्टा कमी आहे ते वापरा. डावा हात मऊ असेल तर डावा वापरा, कुणी हसत नाही. तेही जमले नाही तर तारेचा साधा माउस लावावा. लॅपटॉपच्या बाजूच्या यूएसबी खाचेत तो घातला की बहुतेक वेळा लगेच चालू होतो.

आणखी एक कारण घरातल्या विजेत असते. लॅपटॉप चार्जिंगला लावला की बाण थरथरतो आणि चार्जर काढला की शहाण्यासारखा चालतो, असे होते का? अंगाला बारीक मुंग्या आल्यासारखेही वाटते का? मग अर्थिंग तपासा. पुष्कळ घरांत बोर्डाला अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, किंवा तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या खाचेत बसवण्यासाठी कुणीतरी जाड पिन तोडून टाकलेली असते. तसे करू नका. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या, त्याचा उपयोग लॅपटॉपपेक्षा घरातल्या माणसांना अधिक आहे. तोपर्यंत अर्ज भरताना चार्जर काढून, बॅटरीवर काम करा.

आता बोटांच्या खुणा पाहू. मी सांगतो त्या विंडोज असलेल्या लॅपटॉपच्या आहेत, कारण आपल्याकडे बहुतेक तेच असतात. एका बोटाने पाटीवर टिचकी मारली की निवड होते. दोन बोटे एकदम टेकवून टिचकी मारली की उजव्या बटणाचे काम होते, म्हणजे एक छोटी यादी उघडते. दोन बोटे टेकवून वर सरकवली की पान वर जाते आणि खालचा मजकूर दिसू लागतो. काही लॅपटॉपांत हे उलटे असते, एकदा करून पाहिले की समजते. दोन बोटे एकमेकांपासून लांब नेली की नकाशा किंवा पान मोठे होते, हे तर मोबाइलमुळे सर्वांना ठाऊक आहे.

तीन बोटांची खूण मात्र लक्षात ठेवा, कारण तिच्यामुळेच घाबरगुंडी उडते. तीन बोटे टेकून खाली ओढली गेली की उघडलेले सगळे एकदम नाहीसे होते आणि मागचे रिकामे चित्र दिसते. अर्धा अर्ज भरलेला असतो, माणसाच्या पोटात गोळा येतो. काही गेलेले नसते हो. तीच तीन बोटे वर सरकवा, सगळे जागेवर येते. तीन बोटे आडवी सरकली तर एका कामातून दुसऱ्या कामात उडी पडते, ती उलटी सरकवून परत यावे.

तळहात टेकून कर्सर उडतो, त्यावर उपाय लॅपटॉपमध्येच आहे. खालच्या ओळीत चार चौकोनांचे चित्र असलेली कळ असते, तिला विंडोज कळ म्हणतात. ती धरून ठेवून इंग्रजी आय दाबा. सेटिंगचे पान उघडेल. तिथे शोधण्याच्या पट्टीत इंग्रजीत टचपॅड असे लिहा. आत पाटीची संवेदनक्षमता चार पायऱ्यांत ठेवलेली दिसेल. ती सर्वांत कमी करा. एवढ्यानेही भागले नाही तर एका बोटाच्या टिचकीने निवड होण्याची सोय तिथेच बंद करता येते. मग पाटी टक्क असा आवाज येईपर्यंत दाबली तरच निवड होते, नुसता तळहात लागून काही होत नाही. माउस लावल्यावर टचपॅड आपोआप बंद व्हावा, अशीही खूण त्याच पानावर असते. माझ्या लॅपटॉपवर मी तिन्ही करून ठेवले आहे. दुकानातून आणल्या दिवशीच केले असते तर ठिबकचे ते वर्ष वाया गेले नसते.

आता कळफलकाकडे वळू. अर्ज भरणाऱ्याला सगळ्यात उपयोगी कळ कोणती, असे विचाराल तर मी टॅब सांगेन. डाव्या हाताला, वरून तिसऱ्या ओळीत, दोन उलटसुलट बाण काढलेली ती कळ. एक चौकट भरली की टॅब दाबा, पुढच्या चौकटीत जाल. शिफ्ट धरून टॅब दाबा, मागच्या चौकटीत याल. टचपॅडला हात लावायची गरजच राहत नाही, आणि हात नाही लागला की कर्सर उडत नाही. जिल्हा, तालुका, गाव यांच्या लांबलचक याद्या येतात तिथेही गंमत आहे. यादीवर टॅबने पोचलात की नावाचे पहिले अक्षर दाबा, यादी त्या अक्षरावर उडी मारते. मग वर-खाली बाणाच्या कळांनी नेमके गाव गाठावे. मात्र गाव निवडून झाल्यावर तिथेच थांबून बाण दाबू नका, शेजारचे गाव निवडले जाते. तसेच काही अर्जांत आकड्याच्या चौकटीत कर्सर असताना दोन बोटांनी पान सरकवायला गेले तर पानाऐवजी आकडाच वरखाली होतो. आधी टॅब, मग पान. आणि एंटर ही कळ अर्ज पूर्ण होईपर्यंत जपून वापरा. पुष्कळ ठिकाणी एंटर म्हणजे पाठवून दे, असा अर्थ होतो.

दुसरी मोलाची कळ कंट्रोल. ती एकटी काही करत नाही, दुसऱ्या कळेबरोबर जोडीने चालते. एका हाताने कंट्रोल धरून ठेवायची आणि दुसऱ्या हाताने अक्षराची कळ दाबून सोडायची. दोन्ही एकदम आपटायच्या नाहीत. कंट्रोल आणि झेड म्हणजे शेवटचे केलेले मागे घे. चुकून मजकूर पुसला, घाबरू नका, कंट्रोल झेड. जास्त मागे गेलात तर कंट्रोल वाय. कंट्रोल आणि सी म्हणजे नक्कल घे, एक्स म्हणजे उचलून घे, व्ही म्हणजे इथे ठेव. आधी शिफ्ट धरून बाणाच्या कळेने मजकूर रंगवून घ्यायचा आणि मग हे करायचे. झेड, एक्स, सी, व्ही या चार कळा खालच्या ओळीत शेजारी शेजारी आहेत, म्हणून हात न हलवता सापडतात. कापून चिकटवायची ही पद्धत १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात आकाराला आली. तिथे लॅरी टेस्लर नावाच्या तंत्रज्ञाचा तीत मोठा वाटा होता. कात्री आणि डिंकाने कागद जोडणाऱ्यांवरून ती घेतली आहे. टेस्लर २०२० साली वारले.

बँक खात्याचा क्रमांक अशा रीतीने नक्कल करून टाकला तर आकडा चुकत नाही. पण जिथून नक्कल घेतली तो क्रमांक आधी पासबुकाशी ताडून पाहिलेला असावा. काही अर्जांत चिकटवता येत नाही, क्रमांक दोनदा हातानेच लिहायला लावतात. तो त्रास नाही, ती राखण आहे. आयएफएससी क्रमांकातला पाचवा अंश नेहमी शून्य असतो, इंग्रजी ओ नव्हे. एकूण अंश ११. आधारचे आकडे १२. हे मोजून घेण्याची सवय लावा. घरातल्या दुसऱ्या माणसाने पासबुक मोठ्याने वाचावे आणि तुम्ही पडद्यावर बोट ठेवून ताडावे, याच्याइतकी चांगली तपासणी दुसरी नाही.

लाभार्थ्यांच्या लांब यादीत आपले नाव शोधायचे असेल तर कंट्रोल आणि एफ दाबा. छोटी चौकट उघडेल, तिच्यात नाव लिहा. मराठी नाव पुष्कळदा सापडत नाही, कारण जुन्या पद्धतीच्या अक्षरांत यादी केलेली असते. मग नावाऐवजी क्रमांक लिहून पाहा. यादी म्हणजे नुसता कागदाचा फोटो असेल तर मात्र काहीच सापडणार नाही, एकेक ओळ वाचावीच लागेल. अक्षर बारीक वाटले तर कंट्रोल धरून अधिकाचे चिन्ह दाबत जा, पान मोठे होत जाते. कंट्रोल आणि शून्य दाबले की पूर्ववत. आमच्या वयाच्या माणसांनी चष्मा शोधण्याआधी हे करून पाहावे.

अर्ज भरून झाला की पोच हवीच. कंट्रोल आणि पी दाबले की छापण्याचे पान येते. घरी छपाईयंत्र नसले तरी तिथे पीडीएफ करून ठेवण्याचा पर्याय असतो, तो निवडून पोच जपून ठेवा. विंडोज, शिफ्ट आणि एस या तीन कळांनी पडद्याचा हवा तेवढा भाग चित्र म्हणून उचलता येतो. संकेतस्थळ अडकले, चुकीचा संदेश आला, तर त्याचे चित्र असलेले बरे. चार दिवसांनी कचेरीत विचारायला गेलात तर तोंडी सांगण्यापेक्षा ते दाखवता येते. एक मात्र सांगून ठेवतो. कंट्रोल आणि एस म्हणजे साठवून ठेव, ही खूण आपण स्वतः लिहिलेल्या पत्राला लागू पडते. इंटरनेटवरच्या अर्जाला तिचा उपयोग नाही. तिथे अर्जातच दिलेले साठवण्याचे बटण दाबावे लागते. काही ठिकाणी थोडा वेळ काही केले नाही तर अर्ज आपणहून बंद होतो, म्हणून सातबारा, पासबुक आणि आधार आधी समोर ठेवा आणि मगच बसा. मध्येच गोठ्यात जाऊ नका.

चुकून पान बंद झाले तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबा, बंद झालेले पान पुन्हा उघडते. भरलेला मजकूर दर वेळी परत येतोच असे नाही, पण पान सापडते.

आता सगळ्यात वरची ओळ. एफ १ पासून एफ १२ पर्यंतच्या कळा. त्यांवर बारीक चित्रे असतात. सूर्याचे चित्र म्हणजे पडद्याचा उजेड, कर्ण्याचे म्हणजे आवाज, विमानाचे म्हणजे सगळे बिनतारी संपर्क बंद. काही लॅपटॉपांत त्याच ओळीत टचपॅडचेही चित्र असते. ती कळ लागली की पाटी मेल्यासारखी होते. दुरुस्तीला नेण्याआधी ती कळ एकदा दाबून पाहा. नेट अचानक गेले तर विमानाची कळ पाहा. काही लॅपटॉपांत ही चित्रांची कामे तशीच होतात, काहींत डावीकडे खाली असलेली एफएन ही कळ धरूनच करावी लागतात. पुष्कळ लॅपटॉपांत एफएन आणि एस्केप एकत्र दाबले की ही पद्धत उलटसुलट होते. लहान मुलाने कळफलकाशी खेळल्यावर आपल्याला जे कोडे पडते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

उजेड, आवाज आणि वायफाय यांसाठी आणखी सोपी वाट म्हणजे विंडोज आणि ए. एका कोपऱ्यात चटकन लागणाऱ्या बटणांची पेटी उघडते. विमानाची खूण रंगलेली दिसली तर तिथेच बंद करता येते. वीज रात्रीची असेल आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा असेल तर तिथूनच उजेड कमी करा, बॅटरी बराच वेळ टिकते. २०२४ पासून निघालेल्या काही लॅपटॉपांवर कोपायलटची एक वेगळी कळ आली आहे, बहुतेक उजव्या कंट्रोलच्या जागी. ती चुकून लागते आणि नको असलेले पान उघडते. ऑल्ट धरून एफ ४ दाबा, समोरचे पान बंद होईल. पण समोर कोणते पान आहे ते पाहूनच, नाहीतर अर्जच बंद कराल.

पासवर्ड बरोबर असून घेत नाही, अशी तक्रार फार ऐकू येते. आधी कॅप्स लॉक पाहा, ते चालू असेल तर सगळी अक्षरे मोठी पडतात. मग भाषा पाहा. विंडोज आणि मोठी आडवी स्पेस कळ यांनी मराठी आणि इंग्रजी अशी अदलाबदल होते. पासवर्ड आणि आकडे लिहिताना इंग्रजीवरच ठेवा, मराठी आकडे सगळे अर्ज घेत नाहीत. आकड्यांचा वेगळा गट उजवीकडे असेल आणि तो चालत नसेल तर नम लॉक दाबा. शिफ्ट पाच वेळा दाबली गेली तर एक प्रश्न विचारणारी पेटी येते, तिला नाही म्हणा. पडदा पार थिजला, कुठलीच कळ ऐकेना, तर चालू-बंदचे बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरा. पण हा शेवटचा उपाय, न साठवलेले काम त्यात जाते.

या सगळ्या एका बैठकीत पाठ होणार नाहीत, तसा प्रयत्नही करू नका. पहिल्या आठवड्यात टॅब आणि कंट्रोल झेड या दोनच धरा. कळफलकावर एफ आणि जे या अक्षरांवर बारीक उंचवटा असतो. दोन्ही तर्जन्या तिथे ठेवून बसायची सवय लावलीत तर कळा न बघता सापडू लागतात, आणि नजर वर पडद्यावर राहते. माझी नजर खाली होती म्हणून २१४ चे ४२१ झाले, हे विसरू नका.

आता लॅपटॉप सोडून उठताना काय करायचे ते सांगतो. आपल्या घरी असाल तर विंडोज आणि एल दाबा, पडद्याला कुलूप लागते आणि पासवर्डशिवाय उघडत नाही. त्यासाठी पासवर्ड आधी लावून ठेवलेला हवा. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर किंवा सेवा केंद्रात अर्ज भरला असेल तर नुसते पान बंद करून येऊ नका. आधी अर्जाच्या पानावरचे बाहेर पडण्याचे बटण दाबा. ब्राउझरने पासवर्ड लक्षात ठेवू का, असे विचारले तर नको म्हणा. आधार, पासबुक यांची चित्रे तिथे उतरवली असतील तर पुसून टाका, आणि कचरापेटीतूनही पुसा. मोबाइलवर आलेला ओटीपी दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवू नका. कुणाला मदतीला बसवले असेल तरी त्याला बाजूला सरकायला सांगून तो आकडा स्वतःच्या बोटांनी टाका. सहा कळा तर दाबायच्या असतात.